शिपायांच्या पाठी

"छान आहेत, शेठ. एकदम लोककला वाटते," असं तो दाताचा डॉक्टर म्हणाला आणि वर हसला. मी रंगवलेले दहा शिपाई टेबलावर ओळीने उभे होते. एकेक शिपाई करंगळीच्या दोन पेरांएवढा. त्या दहांवर माझ्या अडीच महिन्यांच्या दुपारी गेल्या होत्या. वाईट म्हणाला असता तर मी भांडलो असतो. चांगले म्हणाला असता तर चहा पाजला असता. पण लोककला या शब्दाशी भांडता येत नाही. समोरच्याच्या कामाकडे नीट बघायचे कष्ट घ्यायचे नसले की माणसं हा शब्द काढतात, आणि वर आपण कौतुक केलं अशा समाधानात घरी जातात.

मंडळी कोण ते आधी सांगतो. चौलला सुपारीच्या वाडीत एक जुनं बैठं घर आहे. मुंबईच्या एक मॅडम तिथे भाड्याने राहतात. वय पस्तिशीचं, काम कॉम्प्युटरवरचं, आणि दर रविवारी सकाळी ओटीवर टेबल मांडून हे प्लास्टिकचे शिपाई कसे रंगवायचे ते शिकवतात. शिकणारे आम्ही चौघं. अलिबागला दवाखाना असलेला तो डॉक्टर, हायस्कुलात शिकवणारे एक नवरा-बायको, आणि मी. हे शिपाई एका खेळातले असतात. मोठ्या टेबलावर थर्मोकोलचे डोंगर, घरं, झाडं मांडतात. दोन माणसं दोन बाजूंना उभी राहतात, फासे टाकतात, टेप लावून अंतर मोजतात आणि आपापलं सैन्य पुढे सरकवतात. एक डाव दिवसभर चालतो. मी तो कधी पुरा बघितला नव्हता. मला रंगाशी मतलब.

रंग मी विकतो. रेवदंड्याच्या रस्त्यावर माझं हार्डवेअरचं दुकान आहे. होडीला लागणाऱ्या रंगापासून बंगल्याच्या भिंतीपर्यंत सगळं माझ्याकडे मिळतं. वडील लोकांच्या वाड्यांत सुपारीवर चढायचे. मी चढलो नाही. मी पेणला गणपतीच्या कारखान्यात गेलो आणि सात हंगाम पितांबर आणि शेले रंगवले. मग सायकलवर ब्रश आणि पॉलिश पेपर विकले, मग टपरी, मग दुकान. कोणी हात धरून वर आणलेलं नाही. जे मिळवलं ते घासाघीस करून.

या मॅडमही पहिल्यांदा दुकानातच आल्या. "पाण्यातलं मॅट व्हार्निश आहे का? छोटी बाटली?"

"एक लिटरपासून पुढे."

"एवढं नको हो. हे एवढ्याला लावायचंय," असं म्हणून त्यांनी पर्समधून एक शिपाई काढून काउंटरवर ठेवला.

मी चष्मा लावला. शिपायाच्या गालावर उन्हाची लाली होती. डोळ्याखाली थकल्याची रेघ होती. चामड्याच्या पट्ट्याच्या कडेला केसाएवढी उजळ रेघ होती, आणि ती मध्ये मध्ये तुटली होती, वापरलेल्या पट्ट्यासारखी.

"कितीला?" मी विचारलं.

"विकायचा नाही."

"रंगवला कोणी?"

"मी."

"शक्य नाही," मी तोंडावर सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. "रविवारी या आणि बघा," म्हणाल्या.

मी फुकट कुठे जात नाही आणि फुकट कोणाला काही घेऊ देत नाही. त्यांची अडचण मी दहा मिनिटांत काढून घेतली. शिपायाला आधी स्प्रेने अस्तर मारावं लागतं, आणि आपल्याकडच्या पावसाळी हवेत स्प्रे मारला की अस्तर खरखरीत बसतं, पीठ भुरभुरल्यासारखं. माझ्या गोदामात एक खोली आहे. तिथे मोठा बल्ब जळत ठेवून मी सिमेंट सुकं ठेवतो. मी म्हटलं, खोली तुमची, रविवारची खुर्ची माझी. झालं.

शिकायला बसलो आणि पहिल्याच दिवशी भांडण. आयुष्यभर मी गिऱ्हाइकाला सांगत आलो की एका हातात झाकेल तो रंग चांगला. या म्हणायला लागल्या, एका हातात झाकला तर चुकला. रंगात पाणी घालायचं, पाणचट दुधाएवढा पातळ करायचा, आणि तीन-चार हात द्यायचे, प्रत्येक हात सुकल्यावर पुढचा.

"असा रंग मी विकला तर लोक दुकानात येऊन मारतील," मी म्हटलं.

"तुमचं बरोबर आहे काका, पण भिंतीला नाक नसतं."

मी ऐकलं नाही. माझ्या पद्धतीने मारला. शिपायाचं नाक बुडालं, ओठ बुडाले, मिशीचं एक ढेकूळ राहिलं. मॅडमनी भिंगातून बघितलं. "काका, हा तुम्ही रंगवला नाहीत. याला गिलावा केलात." मास्तरीणबाई पदराआड हसल्या. ते मला चांगलंच लक्षात आहे.

तीन शिपाई असे वाया गेल्यावर मी पाणी घालायला लागलो. मग कळलं की पातळ रंग हा वेगळाच प्राणी आहे. ब्रशमध्ये जास्त राहिला तर खळग्यात तळं होतं. म्हणून ब्रश आधी अंगठ्याच्या नखावर टेकवायचा, जास्तीचा रंग तिथे सोडायचा, आणि मग शिपायाला हात लावायचा. ओढ नेहमी जिथे रंग गडद हवा त्या दिशेने, कारण ब्रश उचलतो तिथे रंग जास्त साठतो. हे मला कोणी सांगितलं नाही, माझं मी शोधलं, आणि मॅडमना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "हो, ते आहेच." आहेच तर आधी का नाही सांगितलं? त्यांची ही सवय पुढे मला महागात पडली.

सगळ्यात अवघड गेलं ते थांबणं. एक हात सुकेपर्यंत दुसरा द्यायचा नाही. दुकान एक ते चार बंद असतं. त्या वेळात मी काउंटरमागे बसून रंगवायचो. रंग ओला राहावा म्हणून बायकोच्या पोळ्यांच्या डब्यात ओला स्पंज घालून वर बटर पेपर टाकला होता. पावसाळ्यात तिसऱ्या दिवशी त्याला वास यायला लागला. "डबा परत मिळंल," बायको म्हणाली, "का त्यालाबी सैन्यात भरती केलास?"

आता जे खरं सांगायचं ते सांगतो. दिवाळीनंतर मुरुडला एका लॉजवर या खेळाची मंडळी जमणार होती, मुंबईची, पुण्याची. तिथे आमच्या ओटीवरचं एक सैन्य डावात उतरणार होतं. चाळीस शिपाई, प्रत्येकाने दहा. आणि एक घोड्यावरचा सरदार. मॅडमनी ठरवलं होतं की ज्याचे दहा शिपाई सगळ्यांत चांगले, त्याला सरदार रंगवायला मिळेल, आणि सरदारापुढे रंगवणाऱ्याच्या नावाची चिठ्ठी लागेल. शिपायांपुढे नाही. फक्त सरदारापुढे.

मला तो सरदार हवा होता. सात हंगामांत माझ्या हाताखालून किती पितांबर गेले त्याची मोजदाद नाही. कारखान्याचा नियम होता, डोळ्यांची आखणी मालक स्वतः करणार, आणि मूर्ती जाणार ती कारखान्याच्या नावाने. त्याची तक्रार नाही, जगाची रीत तीच. पण मी रंगवलेल्या वस्तूपुढे माझं नाव कधी लागलेलं नाही. दुकानाच्या पाटीवर आहे, पण पाटी मी पैसे देऊन रंगवून घेतली.

गणपती गेल्यानंतरच्या रविवारी निकाल. मी ब्रशने शेवटची धूळ झटकून शिपाई मांडले, सगळे तोंड पुढे करून. चेहरे असे साधले होते की मास्तरीणबाई सुद्धा वाकून बघत राहिल्या. तेव्हा डॉक्टरने तो शब्द काढला. आणि मॅडमनी सरदार डॉक्टरला दिला.

मी उठलो. "का ते सांगा."

"काका, तुमचे चेहरे सगळ्यांत चांगले आहेत. माझ्यापेक्षाही."

"मग सरदार याला का?"

"इकडे या. इथे उभे राहा." त्यांनी मला टेबलाच्या दुसऱ्या बाजूला नेलं. "काय दिसतं?"

दिसत होत्या पाठी. दहा पाठी आणि दहा टोपांचे माथे. सगळ्यांवर एकेक सपाट हात, निळा तो निळा, तपकिरी तो तपकिरी. ना सावली, ना कड. पाठीवरची पिशवी आणि अंगरखा एकच झालेले. शेजारी डॉक्टरचे शिपाई. त्यांच्या पिशवीचं बक्कलसुद्धा चमकत होतं.

"खेळणारा इथे उभा असतो," त्या म्हणाल्या. "दिवसभर. आपलं सैन्य त्याला मागून आणि वरून दिसतं. तोंडं दिसतात ती समोरच्याला, तीही लांबून. तुम्ही गणपती रंगवल्यासारखे रंगवलेत."

मास्तर जमिनीकडे बघत होते. मला त्या क्षणी मॅडमचा राग आला, डॉक्टरचा आला, आणि सगळ्यांत जास्त या गोष्टीचा की ते खरं होतं. गणपतीची पाठ मखराला असते. तिला एक हात मारतात, तोही गाडी दारात उभी असताना. मूर्ती उंचावर बसणार, माणूस खालून आणि पुढून बघणार. मुकुटाचा माथा कोण बघतो? सात वर्षं मी स्टुलावर मूर्ती ठेवून खाली बसून रंगवलं. या शिपायांनाही मी बाटलीच्या बुचावर चिकटवून डोळ्यांसमोर धरलं, तोंड माझ्याकडे करून. आणि त्यानंतरचं सगळं आयुष्य दुकानात. तिथेही डब्याचं चांगलं तोंड गिऱ्हाइकाकडे. मागची बाजू बघायची मला कोणी सवयच लावली नाही.

"हे आधी सांगायला हवं होतं," मी म्हणालो.

"चार वेळा खेळ बघायला बोलावलं, काका. तुम्ही म्हणालात, मला खेळाशी मतलब नाही."

मी शिपाई डब्यात भरले आणि निघालो. स्कूटर सुरू करताना ऐकलं, डॉक्टर म्हणत होता, "शेठ चिडले." चिडणार नाही तर काय करणार.

घरी बायकोने विचारलं, "काय झालं?" मी सगळं सांगितलं, जरा माझ्या बाजूने. ती मासळी साफ करत होती. "बरोबर हाय तिचं," ती म्हणाली. "घराचं रंगकाम काढलंस तवाबी तू पुढची भिंत पाच वर्षांनी आणि मागची कधीच न्हाय. मी त्या मागच्या अंगणात भांडी घासते रोज."

त्या दिवशी मी जेवलो नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी शटर अर्धं ओढून मी शिपाई काउंटरवर मांडले, पाठी माझ्याकडे. उभा राहून बघितलं, बसून नाही. मग कामाला लागलो. उभा राहून बघायचं, बसून रंगवायचं, परत उभं राहायचं. उजेड वरून येतो, म्हणून खांद्यांचे वरचे भाग उजळ, पिशवीच्या खाली काळोख. टोपाच्या माथ्यावर सगळ्यांत फिकट ठिपका. खळग्यांत काळपट पाणी सोडलं, सुकू दिलं, वरून कोरड्या ब्रशने कडा घासल्या. अंगरख्याच्या घड्या तर माझ्या घरच्या. घडीत गडद, घडीच्या कण्यावर उजळ, हे मी झोपेत करीन. बारा दिवसांत दहा पाठी झाल्या. गावातल्या कोणाच्याही कामासमोर छाती ठोकून ठेवाव्यात अशा पाठी.

त्या घेऊन मॅडमकडे गेलो. त्यांनी शिपाई टेबलावर ठेवले, मागे उभ्या राहिल्या आणि एकेक पाठ वरून बघत गेल्या. मग म्हणाल्या, "आता हे सगळ्यांत चांगले आहेत."

"मग सरदार काढा त्याच्याकडून."

"दिलेलं कसं काढू? तुम्ही विकलेला डबा परत घेता?"

"सील फुटलं नसेल तर घेतो."

"फुटलंय. डॉक्टरांनी अस्तर मारलं, घोडाही झाला."

"अर्धा वापरलेला डबाही मी घेतला असता," मी म्हणालो. खोटं होतं. मी कधीच घेतलेला नाही, आणि त्या ते ओळखून हसल्या. सरदार गेला तो गेला. घरी येईपर्यंत मी मनातल्या मनात रविवार सोडून दिला होता, गोदामाची खोली काढून घेतली होती, आणि डॉक्टरला रंगाचा एक थेंब न विकण्याची शपथही घेतली होती.

ऑक्टोबरच्या घामात एका दुपारी डॉक्टरच दुकानात आला. शटरखालून वाकून आत शिरला. हातात खोका. खोक्यात सरदार.

"शेठ, एक अडचण झालीय."

सरदाराच्या पाठीवर मोठा झगा होता, लाल, घोड्याच्या शेपटीपर्यंत लोंबणारा. चेहरा सुरेख, बक्कलं सुरेख, आणि झगा म्हणजे पट्टेपट्टे. लाल, त्याशेजारी फिका लाल, त्याशेजारी गुलाबी, झाडूने ओढल्यासारखे.

"चार वेळा काढून परत केला," तो म्हणाला. "छटा मिसळतच नाहीत. ब्रश फिरवेपर्यंत रंग सुकतो."

"कुठे बसून रंगवता?"

"दवाखान्यात. वरचा मजला."

"एसी?"

"अर्थात. नाहीतर बसवत नाही."

मी मान हलवली. दात कोरणारा माणूस. त्याला बारीक जागा समजते. पण वीतभर कापड, मग ते खरंच वीतभर असो की दीड इंच, ते ओल्यात ओलं विरघळवावं लागतं, आणि त्याला आपली ही दमट, खारट हवा लागते. तिला लोक दिवसभर शिव्या देतात. एसीत रंग ब्रशवरच मरतो.

"मी करतो," मी म्हटलं. "चिठ्ठीवर माझं नाव."

"हो, हो. दोघांचं."

"आणि माझ्या कामाला तो रविवारचा शब्द परत लावायचा नाही."

"कुठला शब्द?" त्याला आठवतसुद्धा नव्हता. महिनाभर मी तो शब्द चघळत होतो आणि याला आठवत नव्हता. मी त्याला सांगितला. तो खरंच गोंधळला. "शेठ, मी तारीफ केली होती."

"तशी परत करू नका."

"बरं," तो म्हणाला. इतक्या पटकन कबूल होणाऱ्या माणसाचा मला संशय येतो. सौद्यात काहीतरी राहिलंय हे मला तेव्हाच टोचलं, पण काय ते सुचेना. आणि खरं सांगतो, झगा समोर होता आणि माझं लक्ष सौद्यात नव्हतं.

जुना रंग काढला. दोन दुपारी पंखा बंद ठेवून, बनियन भिजवत, तो झगा केला. आधी गडद तांबडा, जवळजवळ जांभळ्याकडे झुकणारा, घड्यांच्या पोटात. तो ओला असतानाच कण्यावरून लाल खाली ओढला, आणि दोघांच्या मधल्या रेषेवर नुसता ओलसर ब्रश फिरवला. रेष गेली. खांद्यावर केशरी, जरासाच. गुलाबी अजिबात नाही. लालात पांढरा घालून उजळ करणं हा डॉक्टरचा गुन्हा. पांढऱ्याने लाल पातळ पडतो, शेले करताना आम्ही त्यात केशरी घालत होतो. मध्ये दोनदा उठून वरून आणि मागून बघितलं. बायको चहा घेऊन आली होती. तिने विचारलं, "तोंड कुठं याचं?" मी म्हटलं, "पुढे. ते माझ्याकडे नाही."

मुरुडच्या लॉजच्या वरच्या हॉलमध्ये सहा टेबलं मांडली होती. मी पहिल्यांदा डाव सुरू होताना बघितला. आमचं सैन्य पुण्याहून आलेला एक जण खेळवणार होता, तिशीचा, दाढीवाला. मी थेट चिठ्ठीकडे गेलो. सरदारापुढे उभी होती, छापील. वरच्या ओळीत डॉक्टरचं नाव, त्याच्या सगळ्या पदव्यांसकट. खालच्या ओळीत माझं. सौद्यात काय राहिलं होतं ते तेव्हा समजलं. कोणाचं नाव वर ते मी ठरवून घेतलंच नाही. मी. लोखंडाच्या भावात अर्धा रुपया न सोडणारा माणूस.

मी मॅडमना बाजूला घेतलं. "पदव्या कशाला? घोडा रंगवायला पदवी लागते?"

"काका, त्यांनीच छापून आणली."

"मला सांगितलं असतं तर मी फ्रेम करून आणली असती."

"आता काय करू, फाडू?"

मी फाडा म्हणणार होतो. तेवढ्यात पंचांनी शिट्टी वाजवली आणि डाव सुरू झाला.

डॉक्टर टेबलाच्या पुढच्या बाजूला उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला चेहरा दाखवत होता. मी मागे, भिंतीला टेकून. दुपारी जेवणाची सुट्टी झाली. डॉक्टर सुरमई खायला खाली गेला. पुण्याचा दाढीवाला तिथेच राहिला. फासे हातात खुळखुळवत तो सैन्याकडे बघत होता.

"हा झगा कोणी केला?" त्याने विचारलं. आजूबाजूला दुसरं कोणी नव्हतं, म्हणजे मलाच. "सकाळपासून मी हेच बघतोय. दोन फेऱ्या हरलो, यावरच नजर होती म्हणून."

पूर्ण सरदार मी केला असं म्हणालो असतो तर त्याने मानलं असतं. चिठ्ठीचं तोंड त्याच्या उलट्या बाजूला होतं, त्याने ती वाचलेलीच नव्हती. मला क्षणभर मोह झाला. नाकारत नाही.

"झगा माझा," मी म्हणालो. "आणि डावीकडचे दहा शिपाई माझे. सरदाराचं तोंड आणि घोडा त्या डॉक्टरचा."

"तोंड मी बघितलंच नाही अजून."

"मग या पुढे," असं म्हणून मी त्याला टेबलाला वळसा घालून पुढच्या बाजूला नेलं. तो वाकला. चिठ्ठी वाचली, दोन्ही नावं. मग चेहऱ्याकडे बघितलं.

"चेहरा पण जबरदस्त आहे," तो म्हणाला.

"आहे," मी म्हणालो. डाव्या डोळ्याचं बुबुळ जरा वर गेलं आहे, ते मला लांबूनच दिसत होतं. ते मी त्याला सांगितलं नाही. डॉक्टरला सांगेन, जेवून वर आला की.